स्नोमोबिल बर्फात अडकली की ओढून आणायचा धंदा करावा का?

हिमकण:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

आम्ही अमेरिकेत पूर्व आयडाहोत राहतो, आयलंड पार्कपासून गाडीनं तासाभरावर. नोकरी संगणकापुढची, पण डिसेंबर ते एप्रिल शनिवार-रविवार मी घरी सापडत नाही. दोन माउंटन स्लेड, म्हणजे डोंगरातल्या बर्फात चालवायच्या स्नोमोबिल आहेत (पुढे स्की, खाली इंजिनानं फिरणारा रबरी ट्रॅक), एक १६५ इंची ट्रॅकची आणि एक जुनी १५४ ची.

गेल्या दोन हिवाळ्यांत मी आणि एका मित्रानं मिळून सात-आठ जणांच्या स्लेड बाहेर काढून दिल्या. कुठे ओढ्यात गेलेली, कुठे झाडाच्या बुंध्याशी खळग्यात डोकं खुपसून बसलेली, कुठे नुसताच पट्टा (ड्राइव्ह बेल्ट) तुटलेला आणि दुसरा जवळ नाही. शेवटच्या माणसानं बळेच दोनशे डॉलर हातात कोंबले आणि म्हणाला, "तुम्ही हा धंदाच का नाही काढत?" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

रस्त्यावरचे टोइंगवाले ट्रेलहेडच्या, म्हणजे जिथे रस्ता संपून बर्फातली वाट सुरू होते त्याच्या, पुढे येत नाहीत. शोध आणि बचाव पथक माणसाला आणतं, यंत्र तिथेच राहतं. म्हणजे मधली जागा मोकळी आहे. ट्रेलहेडपासून ट्रेलहेडपर्यंत तासाला १५० डॉलर लावावेत असा विचार आहे.

प्रश्न असे: परवाना लागतो का? विमा कसला घ्यायचा? अवजारांत आणखी काय हवं? आणि मुळात हे पोटापुरतं तरी चालेल का? बायकोनं ऐकून फक्त "बरं" म्हटलंय. जाणकारांना अर्थ कळला असेल.

पावशेर:
पहिला मी! "बरं" चा अर्थ "नाही" असा होतो. धागा बंद करायला हरकत नाही.

गारठा:
कल्पना छान आहे. नावही सुचवतो: ओढाताण एलएलसी. आर्थिक बाजूचंही वर्णन आपोआप होईल.

मृण्मयी_के:
गारठा, अगदी फुटले :) आणि बिलाला "ओढणावळ" म्हणता येईल. धुणावळ असते तशी ओढणावळ.

रानवारा:
थोडं गंभीर लिहितो, क्षमस्व.

हिमकण, परवान्याचं आधी बघा. तुमच्या भागातली बहुतेक जमीन कॅरिबू-टार्गी नॅशनल फॉरेस्टची. फॉरेस्ट सर्व्हिसच्या नियमांत (केंद्र सरकारची नियमावली, ३६ सीएफआर २६१.१० सी) स्पष्ट लिहिलंय की अधिकृत परवानगीशिवाय तिथे माल विकणं किंवा कुठल्याही प्रकारचं काम वा सेवा करणं मना आहे. मित्राला फुकट मदत केलीत तर कोणी विचारणार नाही. पैसे घेतलेत की तीच मदत "सेवा" होते. हातात कोंबलेले दोनशे डॉलर इथे जाहीर लिहायला नको होते, असं माझं प्रेमाचं मत.

दुसरं, हद्दी. टेटन डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर जेडेडाया स्मिथ विल्डरनेस, म्हणजे राखीव रान आहे. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यानं तिथे मोटारचं वाहन चालत नाही. कोणी चुकून (किंवा "चुकून") आत गेला आणि रुतला, तर त्याला काढायला तुम्ही दुसरी स्लेड घेऊन आत शिरलात की दंड दोघांना. यलोस्टोन नॅशनल पार्कच्या आत तर मनाला येईल तसं फिरताच येत नाही. मार्गदर्शकाबरोबर जा नाहीतर सोडतीत परवाना मिळवा, आणि तेही फक्त रस्त्यावरून. गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न "कुठे?" आणि लगेच नकाशावर हद्द.

हिमकण:
रानवारा, आभार. रेंजर ऑफिसात जाऊन विचारतो. हा कलम-बिलम प्रकार मला खरंच माहीत नव्हता. आणि ते दोनशे डॉलर आम्ही पेट्रोलमध्ये घातले, म्हणजे वनात जळाले!

पावशेर:
एक बाळबोध शंका. बर्फ वितळेपर्यंत थांबलं तर? जूनमध्ये ट्रेलर घेऊन जायचं, उचलायची, आणायची. ओढाताण शून्य.

दोरखंड:
पावशेर, जूनपर्यंत उंदीर वायरी खातात, सीटमध्ये संसार थाटतात, आणि टाकीतलं पेट्रोल गळून ओढ्यात गेलं तर साफसफाईचं बिल मालकाच्या नावावर. शिवाय वर जी जागा हिवाळ्यात दहा फूट बर्फामुळे सपाट दिसते ती जूनमध्ये ओंडके आणि दगड असते. ट्रेलर सोडा, पायी पोचायची मारामार.

पावशेर:
माघार.

आजोबा_उणे_चाळीस:
हिमकणराव, मी या भागात सत्तावीस हिवाळे काढलेत. गुडघे आता साथ देत नाहीत म्हणून लिहायला वेळ आहे.

लोकांना वाटतं की ओढायला ताकद लागते. ताकदीची गरज सगळ्यात शेवटी, आणि तीही थोडी. माउंटन स्लेड पेट्रोल-तेल धरून अडीचशे किलोच्या आसपास. बोगद्यात, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या पोकळीत, ओला बर्फ ठासला की आणखी जड. रुतलेला माणूस पहिली चूक काय करतो? अंगठ्यानं थ्रॉटल दाबतो. तीन इंची लग (रबरी दाते) असलेला ट्रॅक जमिनीच्या दिशेनं विहीर खणायला लागतो. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण ज्यानं काढली त्यानं स्नोमोबिल पाहिली नव्हती, पण त्याला सगळं ठाऊक होतं.

माझी पद्धत अशी. आधी इंजिन बंद. मग फावडं, आणि खणायचं ते उताराच्या बाजूनं. फूटबोर्डावरचा बर्फ काढा, स्कीच्या पुढचा काढा, ट्रॅकच्या मागचा काढा. मग गाडी उताराकडे कलती करून एकदा लोळवा की ती स्वतःच्या खड्ड्यातून निघून शेजारी बसते. खड्डा बर्फानं भरा आणि पायांनी थापा. पुढे दोन स्लेडच्या लांबीइतका पट्टा थापा. आणि आता खरी गंमत: पंधरा-वीस मिनिटं काही करू नका. थापलेला भुसभुशीत बर्फ स्वस्थ राहू दिला की त्याचे कण एकमेकांना धरतात आणि तो घट्ट होतो. तेवढ्या वेळात मी थर्मास काढायचो. गिऱ्हाईक बिचारं अस्वस्थ, की हा म्हातारा तासाचे पैसे घेतो आणि चहा पितो. पण त्यानंतर गाडी अंगठ्याच्या एका हलक्या दाबानं वर यायची.

केतकी:
आजोबा, हे सगळं जपून ठेवतेय. थर्मासचा भाग विशेष.

दोरखंड:
आजोबांशी सहमत, पण ओढ्यात पडलेली लोळवून कशी काढणार? तिथे दोरच.

आम्ही काय वापरतो ते सांगतो. पोलादी तार नको. जड, बोटं कापते, आणि तुटली तर झोडपते. कृत्रिम धाग्याची डायनीमाची दोरी हलकी आणि पाण्यावर तरंगते. हातानं फिरवायचा दोर-ओढणारा रॅचेट एक, आणि पेट्रोलवर चालणारा छोटा कॅपस्टन विंच (फिरत्या ढोलाला दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र) एक. दोन चांगल्या कप्प्या घेतल्यात की तीनास एक असा झेड-ड्रॅग, म्हणजे झेडच्या आकारात दोरी फिरवलेली मांडणी, लावता येतो. कागदावर तिप्पट ताकद, प्रत्यक्षात घर्षणात बरीच जाते, पण दोन माणसांत काम होतं. झाड असेल तर रुंद पट्टा बुंध्याभोवती, खोडाला दोरी घासायला नको. झाड नसेल तर पिशवीत बर्फ भरून आडवी पुरायची, वर थापायचं, तिला दोर. पुरलेल्या पिशवीवर किती विसंबायचं हे अनुभवानं कळतं. माझी एकदा बाँबसारखी वर आली.

ताणलेल्या दोरीवर जाडं जॅकेट टाकून ठेवा. तुटली तर जॅकेट तिला खाली पाडतं. आणि कृपा करून गिऱ्हाइकाच्या पोराला "जरा धर रे" म्हणून दोरीजवळ उभं करू नका.

चकवा:
रच्याकने, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? कामाला फोर-स्ट्रोक बरी नाही का? पेट्रोल कमी पिते, दिवसभर संथ ओढते.

दोरखंड:
ग्रूम केलेल्या (यंत्रानं दाबून सपाट केलेल्या) ट्रेलवर टोचन करायला फोर-स्ट्रोक युटिलिटी उत्तम. खोल बर्फात तिचं वजन तुम्हालाच गिऱ्हाईक बनवेल.

गारठा:
आणि मग दुसऱ्या ओढाताणवाल्याला फोन. धंद्याची साखळी.

चकवा:
फोर-स्ट्रोकला लोक उगाच नावं ठेवतात.

(यानंतरची टू-स्ट्रोक विरुद्ध फोर-स्ट्रोकची एकोणीस प्रतिसादांची लढाई संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवली आहे.)

स्वयंभू२:
मी कॅनडात, रेव्हलस्टोकजवळ. इकडे अवघड जागी सरळ हेलिकॉप्टर बोलावतात. लांब दोराखाली स्लेड लटकवून ट्रेलहेडच्या मैदानात आणून ठेवतात. तासाला काही हजार डॉलर, पण पंधरा-वीस हजारांचं यंत्र डोंगरात सोडण्यापेक्षा लोक देतात.

यात एक काम जमिनीवरच्या माणसाचं असतं आणि त्याला कोणी धंदा म्हणून बघत नाही. स्लेड आधी खणून मोकळी करायची, म्हणजे चारी बाजूंनी हलते की नाही ते पाहायचं. बर्फाला गोठून चिकटलेली स्लेड हेलिकॉप्टरनं उचकटायची नसते. सुटे डबे, बॅगा, विंडशील्ड काढायचं. पट्टे समतोल बांधायचे, नाहीतर हवेत भोवऱ्यासारखी फिरते. आणि मालकाला आधीच सांगून ठेवायचं की धोका वाटला तर पायलट भार सोडून देऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. मी एकदा मालकाचा चेहरा हे ऐकताना पाहिलाय. लग्नात मुलगी पाठवताना बापाचा होतो तसा.

मृण्मयी_के:
विम्याबद्दल. मी विमा क्षेत्रात आहे, पण हा सल्ला नाही, गप्पा समजा.

तुमची घरची स्नोमोबिलची पॉलिसी धंद्याला चालणार नाही. पैसे घेतल्याचं दिसलं की दावा फेटाळतात. निदान तीन गोष्टी लागतील. सर्वसाधारण दायित्व, म्हणजे तुमच्यामुळे कोणाला इजा झाली तर. दुसरं, ज्याला टोइंगवाले ऑन-हूक म्हणतात ते, म्हणजे दुसऱ्याची गाडी तुमच्या दोराला असताना तिचं नुकसान झालं तर. तिसरं, मदतीला माणूस ठेवलात तर कामगार नुकसानभरपाई. "बॅककंट्री" हा शब्द ऐकून निम्मे एजंट फोन ठेवतील. उरलेल्यांतला एखादा विचारेल की उतार किती, हिमस्खलनाचं प्रशिक्षण झालंय का, एकट्यानं जाता का. त्या प्रश्नांची उत्तरं लेखी तयार ठेवा.

आणि करारपत्र. त्यात एक ओळ ठळक हवी: गाडी निघाली नाही तरी वेळेचे पैसे द्यावे लागतील. ही ओळ नसेल तर प्रत्येक फसलेली खेप तुमच्या खिशातून.

केतकी:
करारपत्रात "काढताना ओरखडे पडले तर" हेही घाला. आमच्याकडे एका महाभागानं स्लेड नाल्यातून वर आल्यावर हूडवरचा चरा दाखवून पैसे कापले होते. चरा झाडाचा होता, झाड अजून तिथेच आहे. काम सुरू करायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढायची सवय तेव्हापासून.

रानवारा:
केतकी, तुम्हीही हे काम करता?

केतकी:
भाड्यानं स्लेड देणाऱ्या एका कंपनीत हिवाळ्यात काम करते. पाहुणे सकाळी नऊला हसत जातात, दुपारी तीनला फोन येतो: "ती आपोआप बंद पडली." आपोआप झाडावर चढून.

आजोबा_उणे_चाळीस:
केतकीताई, "आपोआप" हा या धंद्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द आहे.

चकवा:
कोणी ठिकाणाबद्दल बोलत नाहीये, म्हणून लिहितो. पूर्वी गडी डोंगर उतरून आल्यावर तोंडी सांगायचा, "मोठ्या झाडाच्या डावीकडे." आता उपग्रह-मेसेंजर आहेत, २०२२ पासून आयफोन १४ आणि पुढचे मोबाइल उपग्रहावरून मदत मागू शकतात. लोकांना वाटतं अंक पाठवले की झालं.

माझा एक अनुभव. मित्राच्या मित्रानं अक्षांश पाठवले: ४४ अंश, ३०.५० मिनिटं. आमच्यातल्या शहाण्यानं (तो मीच) वाचले ४४ अंश, ३० मिनिटं, ५० सेकंद. साडेतीस मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. फरक वीस सेकंदांचा, जमिनीवर सहाशे मीटरच्या वर. नकाशावर नखाएवढा. पण मध्ये कडा होता. आम्ही चुकीच्या दरीत अडीच तास हाका मारत फिरलो, आणि तो पलीकडच्या दरीत आमची इंजिनं ऐकत बसला होता. अजून ऐकवतो.

तेव्हा गिऱ्हाइकाकडून अंक कुठल्या पद्धतीत आहेत ते विचारा, आणि आपण वाचलेला बिंदू नकाशाचं चित्र काढून त्याला परत पाठवा. "हाच ना?"

हिमकण:
बापरे. हे मी लिहून ठेवलं. माझ्या जीपीएसमध्ये पद्धत कुठली लावलीये हेसुद्धा आज पहिल्यांदा बघितलं.

गारठा:
हिमकण, तुमचा उत्साह बघून आनंद होतो आणि काळजीही वाटते. हिमस्खलनाबद्दल मूळ धाग्यात एक शब्द नाही. अवजारं, परवाना, दर, सगळं आहे. विनोद बाजूला ठेवून विचारतो, कोर्स केलाय का?

हिमकण:
बीकन (गाडला गेलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं तिन्ही नेहमी अंगावर असतात. कोर्स... दोन तासांचं एक व्याख्यान ऐकलंय. खरं सांगायचं तर आम्ही फार उभ्या जागी जात नाही.

गारठा:
तुम्ही जात नाही. गिऱ्हाईक जातं. आणि ते जिथे अडकतं तिथे तुम्हाला जावं लागणार.

बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. माणूस उतारावर चढतो, वरच्या टोकाशी जोर संपतो, तिथेच रुततो. म्हणजे स्लेड अडकायची जागा आणि उतार सुटायची, म्हणजे त्यावरचा बर्फ घसरायची, जागा बऱ्याचदा एकच. मग खाली उभा असलेला मित्र मदतीला वर जातो. या खेळातला जुना अपघात हाच आहे: पहिला अडकला, दुसरा त्याला काढायला गेला, दोघांच्या वजनानं उतार सुटला. म्हणून शिकवतात की उतारावर एका वेळी एकच, आणि अडकलेल्यानं स्वतः निघायचं. तुमचा धंदा म्हणजे नेमका तो "दुसरा" व्हायचं, आणि त्याचे पैसे घ्यायचे.

खाली उभं राहणारेही सुरक्षित नसतात. १३ मार्च २०१० ला रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर स्लेडवाल्यांचा मेळा जमला होता. वर चढणाऱ्यांना बघत खाली गर्दी उभी होती, तिच्यावर उतार आला. दोघे गेले, कित्येक जखमी झाले.

स्वयंभू२:
गारठा बरोबर बोलतायत. इकडे त्या दिवसाबद्दल अजून हळू आवाजात बोलतात. त्या दिवसांत स्खलनाचा इशारा दिलेला होता.

दोरखंड:
गारठा, थोडं टोक गाठलंत. माझ्या हिशेबानं दहातल्या सात-आठ खेपा ओढे, झाडं आणि तुटलेले पट्टे असतात. सपाटीवरच्या.

गारठा:
मान्य. उरलेल्या दोन-तीनचं काय, एवढाच प्रश्न.

आजोबा_उणे_चाळीस:
या दोघांच्या मध्ये मी बोलतो.

गाडी मेलेली असते हो. तिला थंडी वाजत नाही. माणूस खाली आला, त्याचे हातपाय शाबूत आहेत, की घाई संपली. उद्या काढा, परवा काढा, आठ दिवसांनी उतारावरचा बर्फ बसल्यावर काढा. मी सत्तावीस वर्षांत जेवढ्या काढल्या त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर झोप झाल्यावर. जो म्हणतो "आत्ताच हवी, सोमवारी कामावर जायचंय," त्याला मी म्हणायचो, सोमवारी तू जा, गाडी मंगळवारी येईल. काही जण रागावून दुसऱ्याकडे जायचे. जाऊ देत.

आणि माणूस अजून वर असेल, अंधार पडत असेल, कोणी जखमी असेल, तर ते काम तुमचं नाही. लगेच ९११. आयडाहोत शोध-बचाव काउंटी शेरीफच्या हातात असतो. त्यांना न कळवता पैसे घेऊन माणूस आणायला गेलात आणि तुम्हीच हरवलात, तर त्यांना दोन पार्ट्या शोधायच्या.

केतकी:
"गाडीला थंडी वाजत नाही." आमच्या काउंटरवर लावणार आहे.

फक्त रात्रभर ठेवायची असेल तर मालकाकडून एवढं करून घ्या: मागचा बंपर उचलून ट्रॅकखाली फांद्या घालायच्या आणि मोकळं ठेवायचं. ओला ट्रॅक तसाच सोडला तर सकाळी दगडात बसवल्यासारखा मिळतो, आणि मग पहिला तास नुसता हातोड्यात आणि फावड्यात.

चकवा:
पाण्यात पूर्ण बुडालेली काढली तर? लगेच स्टार्ट मारून बघतात लोक.

दोरखंड:
तेच तर करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग फिरवा, पाणी बाहेर उडू द्या. बाकी गॅरेजमध्ये. तुमच्या बिलात "सुरू करून देणे" लिहूच नका.

आणि टोचन करताना ड्राइव्ह बेल्ट काढायचा, नाहीतर मागची गाडी स्वतःचं क्लच-इंजिन ओढत येते. शक्यतो ताठ टो-बार. दोरच असेल तर तो स्कीच्या टोकाच्या कडीला न बांधता स्कीच्या खांबांना बांधा, मागच्या गाडीवर माणूस बसवा आणि हळू चला. बेल्ट काढला तरी ब्रेक लागतो, कारण डिस्क ट्रॅककडच्या बाजूला असते. हे मागे बसणाऱ्याला आधी सांगा. एकदा सांगायचं राहिलं आणि उतारावर मागची स्लेड माझ्या सीटवर येऊन बसली. मित्र अजून विचारतो, "कमरेला ब्रेक लागला का?"

पावशेर:
हा धागा वाचून मी पुन्हा एकदा घरात बसण्याचा निर्णय घेतला आहे. चालू द्या.

रानवारा:
मूळ प्रश्नाकडे येतो. चालेल का? माझा हिशेब असा. हंगाम चार महिने, त्यातले कामाचे दिवस शनिवार-रविवार. नवा बर्फ पडला की लोक तुटून पडतात आणि अडकतात, म्हणजे फोन त्या शनिवारी येणार. आणि नव्या जड बर्फाचा शनिवार हाच उतारांवर जायला सगळ्यात वाईट. थोडक्यात, ज्या दिवशी सगळ्यात जास्त गिऱ्हाईक, त्याच दिवशी निम्म्यांना नाही म्हणायचं. त्यात तुमचे खरे प्रतिस्पर्धी म्हणजे गिऱ्हाइकाचे मित्र, आणि त्यांचा दर म्हणजे आभारप्रदर्शन. विमा मात्र बारा महिन्यांचा भरायचा. १५० डॉलर तासाला मला कमी वाटतात. दोन माणसं, दोन स्लेड, पेट्रोल, झिजणारे पट्टे. एकट्यानं तर जायचंच नाही, मग ते पैसे दोघांत.

केतकी:
हिमकण, एक वेगळी वाट. भाड्यानं स्लेड देणाऱ्या आणि गाईड पुरवणाऱ्या कंपन्यांकडे फॉरेस्टचा परवाना आणि विमा आधीच असतो. त्यांना स्वतःच्या गाड्या परत आणायला माणसं हवीच असतात. एक हंगाम त्यांच्या पगारावर करून बघा. कागद त्यांचे, अनुभव तुमचा. मग ठरवा. आमच्याकडे दर डिसेंबरला हीच बोंब असते की ओढायला माणूस नाही.

मृण्मयी_के:
+१. आणि "बरं" चं रूपांतर "ठीक आहे" मध्ये व्हायची शक्यता वाढेल.

हिमकण:
पाच आठवड्यांनी लिहितोय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

रेंजर ऑफिसात जाऊन आलो. बाई शांतपणे बोलल्या, हाकलून दिलं नाही. पण पैसे घेणार तर परवान्यासाठी रीतसर प्रस्ताव हवा, विमा दाखवावा लागेल, आणि या हंगामात होईल अशी आशा धरू नका. तीन विमा एजंटांपैकी दोघांनी मृण्मयी म्हणाल्या तसा फोन ठेवला. तिसऱ्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी ठेवला.

मग केतकीचा सल्ला घेतला. एका भाडे-कंपनीत शनिवार-रविवार लागलोय. पहिल्या पगारातून हिमस्खलनाच्या पहिल्या पातळीच्या कोर्सचे पैसे भरले. वर्गात एक दिवस, बाहेर बर्फात दोन. गारठा, तुम्ही तेव्हा टोचलंत म्हणून गेलो. उतार मोजायची पट्टी लावून बघितली आणि आम्ही ज्याला "फार उभी नाही" म्हणायचो ती जागा ३४ अंश निघाली.

पहिलं काम गेल्या रविवारी झालं. एक जोडपं, स्लेड ओढ्यावरच्या बर्फाच्या पुलातून खाली गेलेली, पुढचा भाग पाण्यात. नवरा हँडल धरून उभा, अंगठा थ्रॉटलवर तयार. मी म्हटलं, "नको." फोटो काढले, खणलं, दोर लावला, जॅकेट टाकलं. वर आली. मग थापून ठेवलेल्या पट्ट्यावर वीस मिनिटं थांबायचं होतं तर मी थर्मास काढला. बाईनं विचारलं, "आता कशाची वाट बघतोय?" मी म्हटलं, "बर्फाची."

आजोबा_उणे_चाळीस:
शाब्बास.

गारठा:
३४ चा आकडा वाचून बरं वाटलं. "बरं" नेहमीच्या अर्थानं.

पावशेर:
आणि ओढणावळ किती झाली?

हिमकण:
कंपनीनं त्यांच्याकडून साडेचार तासांची घेतली. मला तासाचा पगार आणि ओले बूट. दोरखंड, एक विचारायचं राहिलं: तुमची डायनीमा दोरी किती जाडीची? आमच्याकडची विंचवर घसरते.

दोरखंड:
विंच कुठला ते आधी सांगा. कॅपस्टनवर नुसती डायनीमा गुळगुळीत पडते, पकड घेत नाही. तिथे कमी ताणली जाणारी, विणीची पॉलिएस्टर लावा, आणि डायनीमा पुढच्या लांबीला. फोटो टाका, बघून सांगतो.